हॅलिफॅक्सला मैदानाच्या कडेला मराठीत ओरडले, त्याची गोष्ट

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला हॅलिफॅक्सला जायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे. मंदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की ओवी टीमबरोबर जाईल, कोच आहे, मॅनेजर आहे, तू कशाला धावतेस? मी म्हटलं, "चौदा वर्षांची आहे ती. आणि मी नसले तर तिला ओरडून सांगणार कोण?" तो हसला. मीही हसले. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

मुलांच्या टीमबरोबर हॅलिफॅक्सला जायचा बेत असेल तर या लेखात रस्ते, खाणं, हवा सगळं मिळेल. पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती फिरण्याची नाही, हे आधीच सांगते.

आम्ही टोरॉन्टोजवळ ओकव्हिलला राहतो. ओवी इथल्या एका क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये डिफेंडर आहे. युरोपात क्लबांच्या मुलामुलींची एक स्पर्धा होते, तिच्यात बाहेरच्या देशांतल्याही काही टीम घेतात. कॅनडातून मुलींची एक टीम जाणार, आणि ती ठरवणारी पात्रता फेरी हॅलिफॅक्सला. चार टीम, प्रत्येकीचे तीन सामने, पहिली येईल ती ऑगस्टमध्ये पोर्तुगालला. मुलींनी पोर्तुगालचं नाव घेऊन हिवाळाभर बर्फात धावून सराव केला होता. ओवीने खोलीच्या भिंतीवर लिस्बनचा नकाशा लावला होता.

आता माझ्या ओरडण्याबद्दल. इथल्या क्लबांमध्ये पालकांनी मैदानाच्या कडेवरून सूचना द्यायच्या नाहीत असा नियम असतो. टाळ्या वाजवा, 'गुड जॉब' म्हणा, बास. मी मात्र सूचना द्यायचे. मराठीत. "मागे बघ!" "डावीकडे मोकळी आहे!" "अडव तिला, अडव!" इंग्रजीशिवाय घरात एक शब्द न बोलणारी माझी लेक मैदानावर मराठी ऐकून डावीकडे वळायची, आणि मला वाटायचं, चला, इथल्या दहा वर्षांत एवढं तरी पोचलं. टीममधल्या सिमरनची आई हरप्रीत म्हणायची, "आपका तो सीक्रेट कोड है जी, हमें भी सिखा दो." कोच डॅनला काही कळत नसे. रेफरीलाही नाही. मला याचा अभिमान होता.

शुक्रवारी दुपारी टोरॉन्टोहून निघालो. प्रवास दोन-अडीच तासांचा, पण हॅलिफॅक्सचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. मुली क्लबच्या बसने गेल्या, मी आधीच बुक केलेली भाड्याची गाडी घेतली. तुम्हीही घ्या, कारण मैदानं गावाबाहेर असतात आणि सुट्टीच्या दिवशी बस फार कमी. बंदरावरच्या पुलांना पूर्वी टोल होता, तो आता बंद झालाय. हॉटेल बंदरापलीकडच्या डार्टमथच्या बाजूला घ्या, स्वस्त पडतं. आणि मे महिना म्हणून उन्हाळी कपडे भरू नका. धुकं असं येतं की समोरचा सिग्नल दिसत नाही, आणि वारा कानात शिरतो.

शनिवारी सकाळी विनिपेगच्या टीमशी पहिला सामना झाला, तो दोन-शून्यने जिंकलो. ओवी छान खेळली. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

संध्याकाळी मुलींना मोकळा वेळ होता, तेव्हा ओवी माझ्याबरोबर आली. आम्ही डार्टमथहून फेरीने पलीकडे गेलो. बसच्याच तिकिटात होते ही सफर, आणि वरच्या डेकवर उभं राहिलं की पुढे शहर, मागे पूल, मधे नौदलाची करडी जहाजं. बंदराच्या कडेला लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे, तिथे हिंडलो. इथे येऊन डोनेर खाल्ला नाही तर लोक वेड्यात काढतात म्हणून तोही खाल्ला. रोटीत गुंडाळलेलं मांस आणि वर लसूण घातलेला कंडेन्स्ड मिल्कचा गोड सॉस. ओवीने बोटं चाटली. मी दोन घास खाऊन तिला दिला. शाकाहारींनी फलाफल घ्यावं.

"आई, पोर्तुगालला तू येणार?" तिने विचारलं. म्हणजे असं, "आई, विल यू कम टू पोर्तुगाल?"

"तुला लाज वाटत असेल तर नाही येणार."

"अ लिटल बिट," ती म्हणाली आणि माझ्या जॅकेटला सॉसची बोटं पुसली.

दुसऱ्या दिवशीचा सामना यजमानांशी, म्हणजे हॅलिफॅक्सच्याच टीमशी होता. जिंकलो असतो तर पोर्तुगाल जवळजवळ नक्की. त्यांच्याकडे अकरा नंबरची एक मुलगी होती, लांब वेणी, सावळी, काटकुळी. लंकन असेल किंवा गयानाची, असं मला वाटलं. ती ओवीच्याच बाजूने यायची. पहिल्या दहा मिनिटांत तिने ओवीला दोनदा चकवलं, आणि दुसऱ्यांदा गोल झाला. तिसऱ्यांदा तर तिने चेंडू ओवीच्या दोन्ही पायांमधून काढला. आमच्या बाजूचे पालक गप्प झाले. ओवीची पार वाट लागतेय अशा अर्थाने कुणीतरी हळूच म्हणालं, "शी इज गेटिंग कुक्ड." डॅनने बाकावरच्या एका मुलीला वॉर्म अप करायला सांगितलं. ओवीने ते पाहिलं. तिचा खालचा ओठ आत गेला. बालवाडीच्या दारात मी तिला सोडून निघायचे तेव्हा जायचा, तसाच.

त्या ओठाने माझं डोकं फिरलं असं मी म्हणू शकते. तसं म्हटलं की मी बरी आई दिसते. खरं हे की मला त्या दुसऱ्या मुलीचा राग आला होता. ती हसत खेळत होती, याचा.

ती पुन्हा चेंडू घेऊन आमच्या कडेने आली, माझ्यापासून चार हातांवर. मी ओरडले, "आडवी कर तिला! ओवी, आडवी कर!"

आणि अकरा नंबरच्या त्या मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

घाबरून नाही. गर्दीत आपल्या गावचं कुणी दिसावं तसं पाहिलं. चेहरा उजळलेला, भुवया वर. चेंडू तिच्या पायात होता आणि नजर माझ्यावर. तेवढ्यात ओवी जमिनीवरून घसरत आली. चेंडूला तिचा पाय लागलाच नाही.

त्या मुलीने किंचाळताना "आई गं!" म्हटलं.

ओवीला लाल कार्ड मिळालं. म्हणजे ती लगेच बाहेर, आणि आमची टीम दहा जणींची. त्या मुलीला दोघींनी उचलून बाकावर नेलं, बूट काढला, बर्फ लावला. घोटा बघता बघता सुजला. आम्ही तो सामना तीन-शून्यने हरलो.

सामना संपल्यावर स्पर्धेची एक अधिकारी आमच्याकडे आली. पांढऱ्या केसांची, शांत बाई. तिच्याबरोबर डॅन होता. ती म्हणाली, टॅकल, म्हणजे ते घसरून पाय घालणं, मुद्दाम केलेलं दिसतंय, उरलेल्या स्पर्धेत ओवी खेळणार नाही, आणि सगळ्या उन्हाळ्यासाठी बंदी घालायची की नाही हे उद्या सकाळी ठरेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काही पालक म्हणतात, त्याच्या आधी तुम्ही काहीतरी ओरडलात. काय म्हणालात?"

डॅन ओवीला सोडवायला म्हणाला, "कोणी तिला सांगून हे करवलं असेल तर तिच्यासाठी ती वेगळी गोष्ट आहे. म्हणून विचारतोय."

म्हणजे त्याने दार उघडून धरलं होतं. ओवी माझ्या शेजारी उभी होती, मोजे खाली गोळा झालेले. पलीकडच्या बाकावर ती मुलगी पाय उचलून बसली होती, आमचं सगळं ऐकू येईल इतक्या जवळ.

मी म्हणाले, "मी 'अडव' म्हणाले. अडव म्हणजे ब्लॉक. ब्लॉक हर. एवढंच."

मराठी वाचणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. अडव आणि आडवी कर. कानाला किती जवळ, आणि अर्थाने किती लांब. त्या मैदानावर हा फरक कळणारी तीन माणसं होती. दोघी चौदा वर्षांच्या होत्या, आणि दोघीही काही बोलल्या नाहीत. ओवी बुटाच्या नाड्यांकडे बघत राहिली. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

अधिकारी बाईंनी मान हलवली. "ओके. थँक यू."

त्या मुलीची आई नंतर आली, बसस्टॉपवरून धावत, हॉस्पिटलच्या युनिफॉर्मवर जॅकेट घातलेलं. तिथल्या किचनमध्ये काम करते, शिफ्ट सोडून आली होती. "गार्गी! काय झालं गं सोन्या?" असं म्हणत ती वाकली.

मी पुढे होऊन म्हणाले, "माझ्याकडे गाडी आहे. इमर्जन्सीला सोडते तुम्हाला."

तिने वर पाहिलं. "अय्या! तुम्ही मराठी?"

तिचं नाव स्नेहल. नाशिकची, इथे येऊन दोन वर्षं होत आली. नवरा ट्रक चालवतो, तेव्हा मॉन्क्टनच्या पलीकडे कुठेतरी होता. गाडीत ती माझ्या शेजारी बसली, मुली मागे, गार्गीचा पाय ओवीच्या बॅगेवर ठेवलेला. मी डॅनला कळवून ओवीला बरोबर घेतलं होतं.

"ओवी, तू मनाला लावून घेऊ नकोस हं बाळा," स्नेहल मागे वळून म्हणाली. "खेळात चालायचंच. आमची काय कमी आहे का, परवाच एकीला ढकलून आलीये."

"ढकललं नव्हतं, आई," गार्गी म्हणाली. किती स्वच्छ मराठी!

"बरं, नव्हतं. काय हो ताई, पण तुमचं बरंय, तुमच्याकडे मराठी मंडळ वगैरे असेल मोठं. इथे आहेत आपली माणसं, पण भेटत नाहीत. सगळे कामावर. मी हिला सांगून ठेवलंय, बसमध्ये, दुकानात, कुठंही मराठी ऐकू आलं ना, की लगेच वळून बघायचं. लाजायचं नाही. जाऊन ओळख करून घ्यायची. अशाच तर ओळखी होतात."

मी पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत होते. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

इमर्जन्सीत खूप वेळ बसावं लागतं, सगळ्या कॅनडात लागतं तसंच. जाताना खायला घेऊन जा, तिथल्या मशिनमध्ये चिप्सशिवाय काही नव्हतं. स्नेहलने डब्यातला शिरा काढला, शिफ्टवर खायला आणलेला, आणि झाकणात घालून आधी ओवीला दिला. "खा गं. सकाळपासून काही खाल्लं नसशील." ओवीने झाकण हातात धरलं, एक घास खाल्ला आणि वॉशरूमला गेली. मी मागोमाग गेले.

ती सिंकपाशी उभी होती. नळ चालू.

"ओवी, मी त्या बाईंना..."

"आय नो द डिफरन्स, आई." तिने नळ बंद केला नाही. "यू टॉट मी. तूच शिकवलंस. अडव मीन्स अडव."

"हो."

"आणि मी ऐकलं. मला स्लाइड नव्हतं करायचं. तू म्हणालीस म्हणून केलं." हे ती मराठीत बोलली. किती वर्षांनी तिच्या तोंडून एवढी वाक्यं मराठीत ऐकली, आणि ही अशी.

घोट्याचं बारीक हाड मोडलं होतं. पायाला आधाराचा बूट घालून ठेवायचा, खेळ बंद, पोर्तुगालचं डॉक्टर नंतर सांगतील. मी दोघींना त्यांच्या अपार्टमेंटपाशी सोडलं. स्नेहल चहाला वर चला म्हणून मागे लागली. मी उद्या लवकर उठायचंय म्हणाले. गार्गी कुबड्यांवर तोल सांभाळत उभी होती. "बाय, काकू," म्हणाली. तिने आईला काही सांगितलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही. कदाचित आईला एवढं खूश तिने बरेच दिवस पाहिलं नसेल.

सोमवारी सकाळी मैदानावर गेले आणि अधिकारी बाई व डॅन दोघांना गाठून सांगितलं. काय म्हणाले होते ते, आणि त्याचा अर्थ. इंग्रजीत ते वाक्य ऐकायला भयंकर होतं. 'ले हर फ्लॅट.' बाईंनी विचारलं, "काल तुम्ही खोटं बोललात तेव्हा तुमच्या मुलीला कळत होतं?"

"हो."

"हं." एवढंच. पण त्या हंपेक्षा ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

निकाल असा लागला: पाय ओवीचा होता, म्हणून त्या दिवशीचा सामना तिला बाहेरच बसायचा. उन्हाळाभराची बंदी तिला लागली नाही. ती मला लागली. सीझन संपेपर्यंत ओवीच्या कुठल्याच सामन्याला मैदानापाशी यायचं नाही. डॅनने टीमच्या पालकांना कारण सांगितलं. हरप्रीत माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बच्ची से क्यों करवाया जी? ऐसा कोई करता है?" मग ती खुर्ची घेऊन पलीकडे गेली.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून स्नेहलला फोन केला. रविवारी तिने नंबर आग्रहाने दिला होता. मी सगळं सांगितलं, मधे न थांबता, कारण थांबले असते तर फोन ठेवला असता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे ती तुमच्याकडे बघत होती," ती म्हणाली.

"हो."

"मराठी ऐकून."

"हो."

मग म्हणाली, "मी कालपासून नाशिकला सगळ्यांना फोन करून सांगतेय, किती चांगली माणसं भेटली म्हणून." आणि मग, "ठेवते."

आमचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला. हॅलिफॅक्सची टीम पहिली आली. गार्गीची टीम पोर्तुगालला जाईल. गार्गी जाईल का, हे मी हे लिहीपर्यंत ठरलेलं नाही.

परतीच्या विमानात ओवी टीमबरोबर पुढे बसली. मला एकटीला मागची सीट. पेगीज कोव्हचं दीपगृह पाहिलं का, असं कुणीतरी विचारेलच. नाही पाहिलं. लोक म्हणतात सुंदर आहे, शहरापासून तासाभरात पोचता येतं. जाऊन या.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. मी ओवीला मैदानाच्या फाटकापाशी सोडते आणि गाडीत बसून राहते. कुंपणापलीकडून आवाज येतात, कुणाचा गोल ते कळत नाही. सुरुवातीला मला वाटलं, बाईंना सांगितलं, डॅनला सांगितलं, स्नेहलला सांगितलं, म्हणजे सांगायचं ते झालं. काल रात्रीच्या जेवणानंतर कळलं की नाही झालं.

ओवी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. गार्गीशी तिचं बोलणं चालू आहे हे मला माहीतच नव्हतं. "ती मराठीत टाइप करते. इंग्लिश लेटर्समध्ये. मला पण तसं करायचंय. आई, हाउ डू यू से सॉरी? लाइक, प्रॉपरली. सॉरी नको."

मी ओट्यापाशी उभी राहिले. क्षमस्व सरकारी पाटीवर असतं. माफ कर नाटकात. घरात आपण काय म्हणतो?

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तिने टाइप केलं, मनातल्या मनात म्हणून पाहिलं, पाठवलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तू तिला म्हणालीस का?"

"तिच्या आईला..."

"तिला, आई. गार्गीला."

नव्हते म्हणाले. मोठ्या माणसांना सांगत फिरले होते. जिला मान वळवून बघायला लावलं, तिला, ती गाडीतून उतरताना, मी 'जपून' एवढंच म्हणाले होते.

ओवीने फोन माझ्यापुढे धरला. मी हात पुसले आणि टाइप करायला लागले. गार्गी, मी ओवीची आई. चुकलं माझं, पण त्या वेळी मला ओवीकडे बघून

ओवी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"'पण' काढ," ती म्हणाली.

मी 'पण' काढला. त्याच्यापुढचंही सगळं काढलं. जे राहिलं ते फार थोडं दिसत होतं. मी ते तसंच पाठवलं.